खिचडीची शाळा

पारोळ्यात आमच्या अंगणवाडीला बरीच वर्षं लोक 'खिचडीची शाळा' म्हणत आणि मला 'खिचडीवाली बाई'. कुणी हिणवून म्हणायचं, कुणी सहज. एखादी आजी नातवाला कडेवर घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "बाई, झाली का खिचडी?" झाली असेल तर पोरगं आत, नाहीतर परत घरी. यावर मी कधी भांडले नाही. सकाळपासून पोटात काही नसलेल्या तीन वर्षांच्या मुलापुढे मणी मांडा, चित्रं मांडा, ते भिंतीला टेकून नुसतं बघत बसतं. दोन घास गेले की तेच मूल उठून दुसऱ्याच्या हातातला डबा ओढायला लागतं. ज्या दिवशी मूल भांडायला उठलं, त्या दिवशी मी निश्चिंत असायचे. तेव्हा खिचडीची मला लाज नाही. मला खटकायचं ते वेगळंच. खिचडी शिजेपर्यंतच्या दोन-अडीच तासांत त्या खोलीत काय चालतं, हे कुणी विचारत नसे.

अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांतून सुरू झाली. महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीत झाली. मी लागले 1993 साली. प्रशिक्षणात आमच्याकडून सहा सेवा घोकून घेतल्या होत्या: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण आणि आरोग्य शिक्षण, आणि सगळ्यात शेवटी अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. पहिल्या पाचांचा हिशेब लागतो. किती किलो धान्य आलं, किती मुलांना डोस पाजले, किती गरोदर बायकांना गोळ्या दिल्या, सगळं रजिस्टरात बसतं. सहाव्या सेवेचं रजिस्टरात काय लिहिणार? 'आज मुलांनी मातीकाम केले', झालं. मुख्यसेविका आल्या की पहिलं रजिस्टर मागायच्या, मग धान्याची कोठी बघायच्या, मग वजनकाटा. मुलांकडे वळेपर्यंत त्यांची एसटीची वेळ झालेली असायची. त्यांना तरी काय बोलणार, त्यांच्याकडे गावंच तेवढी.

पारोळा हे धुळे-जळगाव हमरस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मध्ये भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आणि त्याच्या अंगानं वाढलेला बाजार. 1727 साली हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी किल्ला बांधला. झाशीच्या नेवाळकरांशी त्याचं नातं, म्हणून राणी लक्ष्मीबाईचं सासर असं गावात अभिमानानं सांगतात. माझी मुलं त्या किल्ल्याकडे वेगळ्याच कामासाठी जायची. सकाळी दहाच्या सुमारास मदतनीस आक्का पुढे, मी मागे, मध्ये एकमेकांच्या सदऱ्याला धरलेली रांग. तटाच्या उन्हातल्या दगडावर हात ठेवायचा, मग सावलीतल्या दगडावर. तापलेला कुठला, गार कुठला? खरखरीत कुठला, गुळगुळीत कुठला? पाठीवर कुठला लागला तर बरं वाटेल? इतिहासाची सहल काढून मोठ्या शाळेची मुलं यायची, त्यांना पाठ केलेलं साल सांगावं लागायचं. आमची पोरं त्यांच्या शेजारी दगडाला गाल लावून उभी. एका मास्तरांनी मला विचारलं, "बाई, यांना काय दाखवता?" मी म्हटलं, "दाखवत नाही काही, हात लावू देते."

आमची पहिली खोली देवळाच्या मागची. आधी कुणीतरी तिथे सरपण ठेवायचं. छपराला पत्रा. मार्चनंतर साडेअकराला तो असा तापायचा की मुलांना निंबाखाली न्यावं लागे. खानदेशचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पुढे इमारत मिळाली, भिंतींवर हत्ती-घोडे रंगवले गेले, पण निंबाखालची सवय मुलांना नि मला दोघांनाही सुटली नाही.

जून-जुलै म्हणजे रडण्याचे महिने. एक रडायला लागलं की गप्प बसलेलं दुसरंही आठवण झाल्यासारखं सुरू करायचं. "मनी माय कथी गयी?" "माले घर जानं शे." माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, अहिराणी माझ्याही घरचीच. पण प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांशी शुद्ध बोला, नाहीतर पुढे शाळेत अडतं. मी ते फार दिवस मानलं नाही. आई सोडून गेली आहे, खोली नवी, माणसं नवी, आणि त्यात बाई बोलते तेही वेगळंच, एवढं सगळं एका दिवशी कशाला अंगावर टाकायचं? दारात मी अहिराणीच बोलायचे. "आठे ये, बठ." मूल टेकायचं. दिवाळीपर्यंत असंच. दिवाळीनंतर गोष्टीतला राजा मराठी बोलायचा, कोल्हा अहिराणी. महिन्याभरात मुलं दोघांचं सोंग काढायची. राजासारखं बोलता येणं ही त्यांना मोठी गंमत वाटायची, आणि एकदा गंमत वाटली की शिकवण्यासारखं काही उरत नाही. गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतली मुलं यायची, त्यांची बोली आणखी निराळी. त्यांच्याकडून मी आणि आक्का शब्द शिकायचो. ती मुलं आम्हाला हसायची. बाईला हसता येतं हे कळलेलं मूल पुन्हा रडत नाही, हा माझा अनुभव.

रडणं थांबवायचा माझा दुसरा उपाय म्हणजे काम. गोळी-बिस्किटानं रडणं थांबतं, पण ते संपलं की दुप्पट येतं. त्यापेक्षा हातात लोटा द्यायचा आणि सांगायचं, झाडाला पाणी घाल. किंवा आक्काबरोबर तांदूळ निवडायला बसवायचं. आक्का चार खडे मुद्दाम परत टाकायची, म्हणजे काम पुरावं.

हाताच्या कामाबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण माझी सगळी नोकरी त्याच एका गोष्टीभोवती फिरली.

आमच्याकडे एक पत्र्याचा मोठा डबा होता. त्यात सरकी, चिंचोके, तुरीचे दाणे, दादर ज्वारीचे दाणे, निंबोळ्या, जुन्या बटणांची माळ तुटून राहिलेली बटणं, बाटल्यांची झाकणं. एकही वस्तू सरकारी नव्हती. तीन वर्षांचं मूल आधी सगळ्या मुठीनं उचलतं, मग चार बोटांनी. मग एके दिवशी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून एकच चिंचोका उचलतं. चिंचोक्यानंतर तूर. तुरीनंतर दादर. दादरचा दाणा उचलून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाकता आला की त्या बोटांना पेन्सिल जड नाही. सरकीचं निराळं, तिला कापसाचे तंतू चिकटलेले, ते सोलून काढताना दोन्ही हात एकमेकांना सांभाळून वागायला शिकतात. पोळ्याच्या आधी माती मळायची, बैल करायचे. बैलाला चार पाय लावून तो उभा राहिला पाहिजे ही अट मी घालत नसे, पण मुलं आपली आपण घालायची, आणि पाय तुटला की पुन्हा मळायची.

माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात, मग वर्षागणिक एकेक पक्कं होत जातं. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली निम्मीसुद्धा झालेली नसतात. हे मला एका प्रशिक्षणात डॉक्टरबाईंनी क्ष-किरण चित्र दाखवून सांगितलं. मोठ्या माणसाचं मनगट आणि लहान मुलाचं मनगट शेजारी शेजारी. लहानग्याच्या चित्रात हाडांच्या जागी नुसती मोकळी जागा. त्या दिवसापासून तीन वर्षांच्या हातात पेन्सिल कोंबून 'अ' गिरवून घेणाऱ्या माणसाशी मला नीट बोलता येत नाही.

आणि आयांना तर तेवढंच हवं असायचं. "बाई, माझी पोरगी वर्षभर येते, अजून एक अक्षर काढत नाही. शेजारची बघा, एबीसीडी म्हणते." ही तक्रार मी पहिल्या वर्षी ऐकली, शेवटच्या वर्षीही ऐकली. मध्ये फक्त 'अ आ इ' जाऊन 'एबीसीडी' आलं. दोन हजार सालानंतर गावात इंग्रजी नर्सरी निघाल्या, पिवळ्या गाड्या गल्लीत यायला लागल्या, आणि टाय लावलेलं मूल गाडीत चढताना बघून आमच्या आयांचे चेहरे पडायचे. त्यांचं चुकत नव्हतं. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी करणाऱ्या बाईला पोराच्या पाटीवर काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणजे तिच्या कष्टाला आकार आला. मणी ओवलेली माळ संध्याकाळी सोडून ठेवावी लागते, गाणं हवेत जातं, मातीचा बैल फुटतो. घरी न्यायला आमच्याकडे काही नसायचंच.

म्हणून एका पालकसभेत मी सगळ्या आयांना पाट्या वाटल्या आणि सांगितलं, डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना म्हटलं, रांगोळीतलं कमळ काढा, पण डाव्या हातानं. आधी हसणं झालं. मग शांतता. जिभा बाहेर आल्या, पाट्या मांडीवरून घसरायला लागल्या, एकीचा खडू मोडला. पाच मिनिटांत एक म्हणाली, "बाई, हात दुखी गया." मी म्हटलं, तुमचा हात पक्का झालेला आहे, फक्त सवय नाही, तर हे हाल. पोराचा हात अजून व्हायचा आहे. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघी-तिघी पाटी पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक आली आणि म्हणाली, ते खरं बाई, पण निदान एक तरी अक्षर शिकवा, सासू विचारते.

तेव्हा मी बहिणाबाईंचं उदाहरण द्यायचे. आपल्याच जिल्ह्यातल्या आसोद्याची लेक. शाळेचं तोंड पाहिलं नाही, लिहिता येत नव्हतं. शेतात, घरोट्यावर ओठांवर आलेलं मुलानं आणि त्याच्या मावसभावानं टिपून ठेवलं, आणि त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं. आधी तोंडात यावं लागतं, मग कागदावर. बायकांना हे पटायचं, बहिणाबाई त्यांना घरच्याच. पण पटूनही त्या म्हणायच्या, "आता काळ तसा राहिला नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, काळ खरंच तसा राहिला नव्हता.

बोलतं करण्याचं सगळ्यात मोठं साधन मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, ते भुलाबाईत मिळालं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाई मांडतात, गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा. मी तो खेळ वर्षभर चालवला, आणि मुलगेही बसवले. डब्यात कधी फुटाणे, कधी शेंगदाणे, कधी गुळाचा खडा, कधी केळं. डबा वाजवून दाखवायचा. पहिले पंधरा दिवस मुलं नुसती ओरडतात: लाडू! जिलेबी! आवाजाशी काही संबंध नाही, जे खावंसं वाटतं ते. मग हळूहळू एखादं कान देतं. खडखड वाजतंय म्हणजे केळं नाही. मग प्रश्न सुरू होतात. गोड की खारट? झाडाला लागतं की जमिनीत? शेंगदाणा झाडाला की जमिनीत यावर एकदा अर्धा तास वाद झाला आणि तो मिटवायला आम्ही शेजारच्या वावरातून एक डहाळा उपटून आणला. मालकानं पाहिलं, हसला, आणखी दोन दिले.

एक मुलगी जूनपासून येत होती, पण बोललीच नव्हती. बोलवलं की यायची, दिलं की घ्यायची, पण तोंडातून अक्षर नाही. आई म्हणायची, घरी बडबडते. घरचे म्हणाले, मुकी समजतील लोक, दवाखान्यात दाखवू का? मी म्हटलं, थांबा. ऑक्टोबरात एका सकाळी डबा वाजवला, वाजलाच नाही. मुलं गोंधळली. आणि ती कोपऱ्यातून म्हणाली, "मऊ शे का?" डब्यात पेरू होता, चांगला पिकलेला. त्या दिवशीच्या रजिस्टरात हजेरी लिहिली, धान्याचा खर्च लिहिला, शेऱ्याच्या रकान्यात 'खाऊ ओळखण्याचा खेळ घेतला' असं लिहिलं. आक्कानं संध्याकाळी तिच्या आईला गाठून सांगितलं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं नाव मी नोकरीत आल्यावर ऐकलं. त्या कामाचं मूळ दूरचं. मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह 1907 साली रोममध्ये कामगारांच्या वस्तीत निघालं. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई तिथे त्यांच्याबरोबर होत्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण पुढे ताराबाईंना वाटायला लागलं की हे सगळं शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतं राहतंय. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, बरोबर अनुताई वाघ. तिथे हरिजनवाड्यातली, आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, काड्या हेच साहित्य. पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आयुष्य घातलं. आम्ही ज्या खोलीला अंगणवाडी म्हणतो ती त्या अंगणातून आलेली आहे, आणि आम्हाला प्रशिक्षणात ते पाच मिनिटांत उरकून पुढे पोषण आहाराच्या तक्त्यावर नेलं होतं. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मी पुढे तालुक्याच्या वाचनालयातून आणलं. मुदत संपली तरी परत करवेना, शेवटी विकत घेतलं.

मुलं येत नाहीत तर आपण जावं, हे मला कापूस वेचणीत उपयोगी पडलं. ऑक्टोबरपासून पहाटेच बायका वावरात. मूल शेताच्या बांधावर, नाहीतर घरी मोठ्या बहिणीच्या कडेवर. ती मोठी म्हणजे किती, सात-आठ वर्षांची. ती शाळा बुडवून भावाला सांभाळते आणि भाऊ अंगणवाडी बुडवून तिच्या कडेवर बसतो. मी आणि आक्का सकाळी लवकर गल्लीत फिरून लहानग्यांना आधी उचलून आणायचो, म्हणजे बहीण मोकळी होऊन शाळेत जाईल. त्यासाठी अंगणवाडी वेळेच्या आधी उघडावी लागायची. त्याचं मानधन कुठे नव्हतं.

काही घरं दिवाळीनंतर गाव सोडूनच जायची. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, आणि बरीचशी सुरतेला. उधना, लिंबायत या सुरतेतल्या वस्त्या आमच्याकडे पारोळ्याच्या गल्ल्यांइतक्याच ओळखीच्या, प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथे मागावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ही मंडळी परत यायची. झोके, आमरस, सासरहून आलेल्या लेकी, गाव भरलेलं. आणि माझ्या वर्गात एक-दोन मुलं 'एक, बे, त्रण' मोजत यायची. बाकीच्यांना त्याचं भारी आकर्षण. मी मोडता घातला नाही. आठवडाभर सगळा वर्ग गुजरातीत चिंचोके मोजायचा. चिंचोके पाचच असतात, कोणत्याही भाषेत मोजा.

वजनाचा दिवस मला आवडायचा नाही, पण त्याच्याशिवाय चाललं नसतं. लटकत्या काट्याला झोळी, झोळीत लाथा झाडणारं मूल, काट्याची सुई नाचते आहे, आणि मागे आजी पुटपुटते की लेकराला तोलू नये, दृष्ट लागते. मी आजीला सांगायचे, आधी माझी दृष्ट काढा, मग त्याची. मीठ-मोहरी ओवाळून झाली की वजन घेऊ द्यायच्या. तक्त्यावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा. पुढे दंडाची पट्टी आली. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत दंड म्हणजे तीव्र कुपोषण, त्या मुलाला लगेच दवाखाना. एका मुलाचा दंड मोजताना पट्टी ओढत गेले, ओढत गेले, लाल रंग संपेना. आईनं विचारलं, "लाल चांगला का बाई?" ती सोळा-सतराची असेल. तिला धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं, मग जळगावला पाठवलं. मूल वाचलं. पुढे माझ्याच वर्गात आलं, आणि सगळ्यात जास्त मारामाऱ्या त्यानंच केल्या.

मानधनाचं थोडक्यात सांगते, नाहीतर कढ येईल. दहावी पास म्हणून सुरुवातीला केंद्राचे महिन्याला 400 रुपये. 1997 मध्ये 500, 2002 मध्ये 1000, 2011 ला 3000, 2018 ला 4500, वर राज्याची भर. आम्ही नोकर नाही, मानसेवी. निवडणूक यादी, जनगणना, पल्स पोलिओ, सर्वेक्षण, जे कुणाच्या गळ्यात पडत नाही ते आमच्या. ग्रॅच्युइटीवर आमचाही हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं 25 एप्रिल 2022 ला सांगितलं, तोवर कितीजणी रिकाम्या हातानं घरी गेल्या. 4 डिसेंबर 2023 ला राज्यभरचा संप सुरू झाला, तो जानेवारीच्या शेवटी मिटला. संपाच्या दिवसांत मुलं कुलूप लावलेल्या दारापाशी येऊन खेळायची, हे मला गल्लीतल्यांनी सांगितलं. मी मुद्दाम त्या बाजूनं जात नव्हते.

मध्येच मोबाइलही आला होता. मुलाचा फोटो, वजन, उंची, हजेरी, आहार, सगळं त्यात भरायचं. 2021 साली राज्यभरच्या सेविकांनी ते फोन परत केले होते, कारण ते चालतच नव्हते. पुढे नवे आले. मी फोनच्या विरोधात नाही, रजिस्टरांच्या थप्पीपेक्षा बरा. फक्त एक झालं. पूर्वी गोष्ट सांगताना माझे दोन्ही हात मोकळे असायचे. आता मुलं गोलात बसली की आधी फोटो. फोटो गेला नाही की पुन्हा. तोवर गोल मोडलेला.

आणि कोरोनाची दोन वर्षं. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत आम्ही तापमापक घेऊन दारोदार फिरलो. ज्या मुलांनी तिसऱ्या वर्षी यायचं ती पाचव्या वर्षी आली. त्यांना मोबाइलवर बोट सरकवता येत होतं, पण बटण लावता येत नव्हतं. पाळी येईपर्यंत थांबणं माहीत नव्हतं. दुसऱ्याचं रडणं बघून ती जवळ जात नव्हती, लांबून बघायची, पडद्यावरचं बघावं तशी. पहिलीचे गुरुजी म्हणाले, बाई, यांना अक्षरं तरी गिरवायला लावा, वेळ गेला आहे. मी पत्र्याचा डबा काढला. पाच वर्षांची मुलं चिंचोक्यापासून सुरू झाली आणि मार्चपर्यंत दादरवर आली. तीन वर्षं लागतात ते नऊ महिन्यांत सगळं भरून निघालं असं मी म्हणणार नाही. काहींचं राहिलं.

शेवटच्या काही वर्षांत एक नवल पाहिलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा ठरवला, आणि प्रशिक्षणात एकदम आमच्या जुन्या खोलीतली भाषा ऐकू यायला लागली. खेळातून शिकणं, घरची बोली, माती, बिया, गोष्ट. पंचविशीतली प्रशिक्षक मुलगी पडद्यावर चिमटीनं दाणे उचलणारं मूल दाखवत होती. आमच्यातली एक ज्येष्ठ सेविका मागून म्हणाली, "इतके दिवस हे आम्ही लपून करत होतो का?" सगळ्या हसल्या. ती प्रशिक्षक चांगली होती, तिनं चहाच्या सुट्टीत येऊन आम्हाला आणखी खेळ विचारले, वहीत लिहून घेतले.

माझ्या वर्गातून गेलेल्या मुलीच पुढे आया होऊन आल्या. त्यातली एक, जी स्वतः वर्षभर सरकी सोलत बसायची, लेकाला घेऊन आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाई, याला लिहायला कधी बसवणार?" मी तिच्याकडे बघत राहिले. ती लाजली, पण प्रश्न मागे घेतला नाही.

वयाच्या पासष्टीला मी सुटले. आता घरी नात आहे, चार वर्षांची. सून शिकलेली, समजूतदार, तिनं तिला पिवळ्या गाडीच्या शाळेत घातलं आहे. दुरेघी वही, रोज एक पान. मी एकदा शाळेत जाऊन बाईंना भेटले. लहानशी पोरगी, वर्गात चाळीसएक मुलं. पगार विचारला तर आमच्या मानधनापेक्षा कमी. म्हणाली, "आजी, मला कळतं हो, पण वही कोरी गेली तर पालक संस्थेत जातात." तिला मी काय सांगणार? तिच्या टेबलावर एक डबा देऊन आले, चिंचोक्यांचा. तिनं तो कपाटात ठेवला, मुलं नाकात घालतील म्हणून.

घरी सुनेचा नि माझा वाद होतो, रोज नाही, दोन-चार दिवसांआड. सध्या ठरलं आहे ते असं. पानावरच्या दोन ओळी नात काढते, तिचा हात थांबला की बाकीच्या ओळी मी डाव्या हातानं काढते, म्हणजे अक्षर जुळतं. शाळेतून शेरा येतो, 'गुड'. सून म्हणते, "आई, हे बरोबर नाही." मी म्हणते, मग तू सांग त्या शाळेला. तोवर नात अंगणात गेलेली असते, आणि तिथून ओरडते, "आजी, माती भिजवून दे ना."